बाकीच्या पाच ओळी

बालीगंज, कोलकाता
२२ जून २०२५

चि. केयूर,
अनेक आशीर्वाद.

मी शकुन बेडेकर. तुझ्या निरोपाच्या जेवणात जिने मसालेभात खाली लावला, तीच बँकेतली मावशी. मंडळाने यंदा मला चिटणीस केलं आहे. केलं म्हणजे काय, सभेत सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि मी तेवढी वर बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी आपले अध्यक्ष श्रीकांतराव घरी आले आणि रजिस्टर व एक पेनड्राइव्ह ठेवून गेले. म्हणाले, "गणपतीत रोज सकाळच्या पूजेला कोण बसणार, त्याची यादी यातून निघते. केयूरने लिहिलेला प्रोग्रॅम आहे. हास्केल की काय म्हणतात. आम्ही कुणी त्याला हात लावत नाही."

मी लावला. चिटणीसपद मी नाकारलं नाही त्याला एक स्वार्थ आहे, तो तुला सांगून टाकते. मला कोलकात्यात येऊन चार वर्षं झाली. चार गणपतींत मोदक वळले, रांगोळ्या काढल्या, कुमारटुलीहून मूर्ती आणताना टेम्पोत मूर्तीला धरून बसले. पूजेच्या पाटावर बसायचा नंबर मात्र लागला नाही. नोव्हेंबरच्या आसपास माझ्या बदलीची ऑर्डर येणार, म्हणजे हा माझा इथला शेवटचा गणपती. हे शहर सोडण्याआधी एकदा त्या पाटावर बसायचं आहे. तेव्हा नंबर कसा लागतो ते आधी समजून घ्यावं म्हटलं.

इंटरनेटवर बघून थोडं शिकले. पहिल्याच दिवशी "माझं नाव छाप" म्हणून प्रिंट असं लिहिलं, तर पडद्यावर आलं: \२३५८\२३२५\२३६९\२३४४. हे माझं नाव की कैद्याचा नंबर? नंतर एक कंस राहिला तर सतरा ओळींची चूक दाखवली. एवढं तर बँकेच्या ऑडिटवालेही बोलत नाहीत.

व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी विचारणं मला जमत नाही. मेलवर पत्रं लिहीन. तूही पत्रानेच उत्तर दे, आणि मराठीत दे. तुझं मराठी गंजतंय, अशी तुझ्या आईची, सुधाची, तक्रार असायची.

तुझी,
शकुनमावशी


गोथेनबर्ग, स्वीडन
२४ जून २०२५

प्रिय शकुनमावशी,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचता वाचता मी दोनदा चहा खाल्ला. मंडळात कुणी माझा प्रोग्रॅम उघडून बघेल असं मला वाटलंच नव्हतं.

ते आकडे म्हणजे तुमचंच नाव आहे. श, क, उकार, न. प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरमध्ये एक क्रमांक असतो. प्रिंट म्हटलं की हास्केल मराठी अक्षरं अशी क्रमांकांतच दाखवतं. माणसांनी वाचायचं असेल तर पुट-स्ट्रिंग-लाइन वापरायचं. माझ्या प्रोग्रॅममध्ये यादी छापायची ओळ बघा, तिथे तेच आहे.

आणि सतरा ओळी वाचू नका. फक्त पहिली ओळ आणि त्यातला ओळीचा क्रमांक वाचा. त्या ओळीवर जा, नाही सापडलं तर तिच्या वरच्या ओळीवर. कंपायलर, म्हणजे चालवायच्या आधी प्रोग्रॅम तपासणारा, चांगला आहे, पण बडबड्या आहे. आपल्या मंडळातल्या सरलाकाकूंसारखा.

नंबरचं काही टेन्शन घेऊ नका. नियम सोपा आहे. ज्यांना पूजेला बसून जास्त वर्षं झाली ते वर, आणि जे कधीच बसले नाहीत ते सगळ्यांच्या वर. पहिल्या दिवशी अध्यक्ष बसतात, मग उरलेले दहा दिवस या क्रमाने. तुम्ही तर यंदा दुसऱ्याच दिवशी बसाल. प्रोग्रॅम ओळखीपाळखी बघत नाही.

आई भेटली का? हल्ली मंडळात येत नाही ती. गुडघे दुखतात म्हणते. बाबा गेल्यापासून या दीड वर्षात तिने सगळंच कमी केलंय.

तुमचा,
केयूर


बालीगंज
६ जुलै २०२५

चि. केयूर,
आशीर्वाद.

चहा पितात बाळा. खातात ते बिस्किट. बंगालीत चालत असेल, माझ्या पत्रात नाही.

माझं नाव आता नावासारखं दिसतं. त्या आनंदात मी रजिस्टर तुझ्या फाइलीत उतरवायला घेतलं. तुझ्या जुन्या यादीत सदतीस ओळी होत्या. रजिस्टरात वर्गणी भरणारी बेचाळीस कुटुंबं आहेत. पाच कशी गळली कोण जाणे. मी सगळी बेचाळीस लिहिते आहे, एका ओळीत एक कुटुंब.

दोन अडचणी. एक, मी दोन ओळी लिहिल्या, अगदी एकाखाली एक, पट्टी लावल्यासारख्या. तरी कंपायलर म्हणतो समास चुकला. माझा समास! शाळेत माझी वही बाई वर्गात फिरवायच्या. दोन, कुटुंबं मोजायला मी लिहिलं, n = n + १. त्यावर यंत्र गप्पच झालं. पंखा तेवढा फिरत होता. मी स्वयंपाक करून आले, तरी गप्पच.

शकुनमावशी


गोथेनबर्ग
८ जुलै २०२५

प्रिय मावशी,
नमस्कार.

चहा प्यायलो. बिस्किट खाल्लं.

समास तुमचा बरोबर दिसतो, पण एका ओळीत तुम्ही टॅब दाबलाय आणि दुसरीत स्पेस. डोळ्यांना सारखं दिसतं, कंपायलरला नाही. एडिटरच्या सेटिंगमध्ये टॅबऐवजी स्पेस असा पर्याय आहे, तो एकदा निवडून टाका. शिकणाऱ्या प्रत्येकाचा पहिला आठवडा यात जातो. माझे दोन गेले होते.

n = n + १ ची गोष्ट अशी की बाकीच्या भाषांत याचा अर्थ "n एकाने वाढव" असा होतो. हास्केलमध्ये बारशासारखं आहे, एकदा नाव ठेवलं की ठेवलं. तुम्ही त्याला सांगितलंत, n म्हणजे n अधिक एक. तो बिचारा n शोधायला गेला, तिथे पुन्हा n भेटला. मोजायचं असेल तर नुसतं लेंग्थ म्हणा आणि यादी द्या.

पाच कुटुंबं गळली नसतील, नंतर आलेली असतील. मला कमिटीने जी यादी दिली तीच मी वापरली. बेचाळीस घाला, छान होईल.

केयूर


बालीगंज
२० जुलै २०२५

चि. केयूर,
आशीर्वाद.

बेचाळीस ओळी भरल्या. लेंग्थ म्हटलं, बेचाळीस आलं, मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग यादी काढ म्हटलं तर प्रोग्रॅम पडला. नॉन-एक्झॉस्टिव्ह पॅटर्न्स म्हणाला. कंपायलरने आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, चालवल्यावर मधेच अंग टाकलं.

पहिली ओळ वाचली. त्यात तुझ्या प्रोग्रॅमचा ओळ क्रमांक आहे, पण माझ्या कुठल्या कुटुंबापाशी अडलं ते नाही. मग अर्ध्या ओळी काढून चालवलं. चाललं. उरलेल्या अर्ध्या घातल्या, पडलं. त्यांच्या पुन्हा अर्ध्या. असं करत करत एक ओळ सापडली. त्या ओळीत एकच नाव आहे, एका बाईचं, आणि पुढे वर्ष. ती ओळ काढली तर पुढच्या कुठल्यातरी ओळीला पडतं.

काय करू? यादी १७ ऑगस्टच्या कमिटीत द्यायची आहे.

शकुनमावशी


गोथेनबर्ग
२१ जुलै २०२५

प्रिय मावशी,
नमस्कार.

अर्धं-अर्धं करून शोधलंत! हे तुम्हाला कुणी शिकवलं? आमच्या वर्गातले अर्धे लोक अजून नशिबावर शोधतात.

प्रोग्रॅमला मी सांगितलंय की एका ओळीत तीन गोष्टी असतात: नवरा, बायको, वर्ष. तुमच्या ओळीत दोनच आहेत. या शक्यतेसाठी मी काही लिहिलेलंच नाही, म्हणून तो पडतो. म्हणजे माहिती अर्धवट आहे. त्या काकूंना फोन करा आणि विचारा, नवऱ्याचं नाव का नाही लिहिलं.

त्या नाही सापडल्या तर दोन उपाय आहेत. नवऱ्याच्या जागी रिकामं अवतरणचिन्ह टाका, प्रोग्रॅमला वाटतं तीनही गोष्टी आहेत. किंवा जिथे तो पडतो त्या फंक्शनखाली, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याखाली, एक ओळ वाढवा, अंडरस्कोर घालून. अंडरस्कोर म्हणजे "बाकीचे जे काही असेल ते". त्यापुढे लिहा, सोडून दे. पडणार नाही.

आमची परीक्षा आहे, पण लिहा.

केयूर


गोथेनबर्ग
९ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. यादी निघाली का? तुमचा नंबर दुसऱ्या दिवशी आला ना? कळवा.

केयूर


बालीगंज
१० ऑगस्ट २०२५

चि. केयूर,
आशीर्वाद.

यादी निघाली. तू सांगितलंस तसा अंडरस्कोर घातला आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला. अकरा दिवस, अकरा जोडपी. मी त्यात नाही.

ती एका नावाची ओळ माझी होती. नवऱ्याचं नाव का नाही लिहिलं, तर नवरा नाही म्हणून. मी लग्न केलं नाही, आणि त्याचं मला एरवी काही वाटतही नाही. भाऊ, भाच्या, बँक, बदल्या यांत दिवस कधी उगवतो आणि मावळतो कळत नाही. पण "बाकीचे जे काही असेल ते, सोडून दे" ही ओळ मी माझ्या हाताने टाइप केली आणि त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तुझ्यावर रागावले नाही. थोडी रागावले.

चार वर्षं मला वाटत होतं, नंबर लागेल, रांग मोठी आहे. मी रांगेतच नव्हते.

परवा सरलाकाकूंपाशी बोलले. प्रेमळ बाई. म्हणाल्या, "अगं, पुरुष एकटा पूजेला बसला तर शेजारी सुपारी ठेवतात ना बायकोच्या जागी? तुझ्या शेजारी ठेवू या एक." म्हणजे तुझं ते रिकामं अवतरणचिन्हच की! मी म्हटलं, काकू, पन्नाशीला आले, आता सुपारीशी संसार नको. त्या हसल्या, मीही हसले, आणि घरी आले.

सोबत फाइल जोडली आहे. प्रोग्रॅमने सोडून दिलेल्या पाच ओळी तू एकदा वाच. मी नावं सांगत नाही. मला ते जड जातंय.

शकुनमावशी


गोथेनबर्ग
१० ऑगस्ट, संध्याकाळ

शकुनमावशी,

फाइल वाचली. तुम्ही. शरदकाका. अरुणदादा. न्यू टाउनची सानिका. आणि एकोणतिसावी ओळ: सुधा पाटणकर, २०२३.

ज्या काकूंना फोन करून नवऱ्याचं नाव विचारा म्हणालो, त्यात माझी आई आहे.

मला एक सांगायचंय. २०२३ साली कमिटीने यादी दिली तेव्हा अडतीस ओळी होत्या. मागच्या वर्षी बाबा गेल्यानंतर आली तेव्हा सदतीस. मी मोजल्या होत्या. एक कमी झाली हे मला दिसलं होतं, आणि मी "बरं" म्हणून प्रोग्रॅम चालवून टाकला. मला वाटत होतं आईचे गुडघे दुखतात.

माहिती अर्धवट नव्हती, प्रोग्रॅम अर्धवट होता. तुमची माफी मागतो. आता नीट करू. अजून आठवडा आहे.

पहिलं, तो अंडरस्कोर काढून टाका. "बाकीचे" म्हटलं की कंपायलरचं तोंड बंद होतं, त्याला वाटतं सगळ्यांची सोय झाली. दुसरं, वर जिथे मी कुटुंब म्हणजे काय ते लिहिलंय, तिथे एकच प्रकार आहे, जोडपं. त्याच्या शेजारी उभी रेघ देऊन दुसरा प्रकार लिहा, एकटं माणूस. फाइल वाचणारं फंक्शन मी सोबत बदलून पाठवतोय. तिसरं, कंपायल करताना सगळे इशारे चालू करा. मी ते बंद ठेवले होते, आळसाने. मग तो स्वतःच सांगेल, कुठे कुठे मी जोडपंच धरून चाललो होतो. एकेक ठिकाणी जा आणि त्या माणसाचं काय ते लिहा. तो बोलायचा थांबेपर्यंत थांबू नका.

ते तुम्हीच करा. मी इथून दहा मिनिटांत करीन, पण तुम्ही करा.

केयूर


बालीगंज
१८ ऑगस्ट २०२५

चि. केयूर,
अनेक आशीर्वाद.

चौदा! चौदा ठिकाणी इशारा आला. निमंत्रणात "श्री. व सौ.", पाट किती मांडायचे तिथे दोन, प्रसादाची पानं दोन, नारळ कुणाच्या हाती द्यायचा तिथे "सौ.", फोटोखालची ओळ, सगळीकडे. कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं रे. कुणाच्या मनातच आलं नव्हतं, एवढंच. तीन दिवस ऑफिसातून आल्यावर रोज चार-पाच दुरुस्त केले. निमंत्रणाच्या ठिकाणी एक गोष्ट मी आपल्या मनाने वाढवली. यंदा ज्यांचा नंबर नाही, त्यांनाही तो कोणत्या वर्षी येईल ते छापून जाईल. त्यात चार चुका केल्या, चारही पहिली ओळ वाचून काढल्या. शेवटी कंपायलर गप्प झाला. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला फार बरं वाटलं.

पण कंपायलर गप्प झाला म्हणून कमिटी गप्प बसते का? काल सभा झाली. यादी वाचली. दुसरा दिवस, शकुन बेडेकर. तिसरा, सानिका. चौथा शरदकाका, नऊ वर्षं थांबले होते. श्रीकांतराव म्हणाले, "माझी हरकत नाही, पण शास्त्रात बसतं का ते बघायला हवं." सरलाकाकूंनी सुपारीचा विषय काढलाच.

जयप्रकाश गुरुजी कोपऱ्यात चहा पीत होते. तुला माहीतच आहेत, वर्षभर विमा कंपनीत आणि भाद्रपदात आपल्याकडे. मी त्यांना सरळ विचारलं, "गुरुजी, एकट्या बाईने पूजेला बसलेलं चालतं का?" चार वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता, केयूर.

गुरुजी म्हणाले, "न चालायला काय झालं? पूजा करणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत आणि मन जागेवर हवं." मग सरलाकाकूंकडे वळून म्हणाले, "सुपारीचा गणपती असतो वहिनी. सुपारीचा नवरा मी तरी आजवर कुठे बसवलेला नाही."

अख्खी कमिटी हसली, सरलाकाकू सगळ्यांत जास्त. शरदकाका मात्र उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. यादी मंजूर झाली. मी विचारलं, गुरुजी, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, मला कुणी विचारलं कुठे? मी यादी वाचतो आणि पूजा सांगतो.

निमंत्रणं आज पोस्टात टाकली. बेचाळीस.

शकुनमावशी


बालीगंज
३१ ऑगस्ट २०२५

चि. केयूर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी मी पूजेला बसले.

गरियाहाटहून लाल काठाची टसर घेतली होती, ती नेसले. पाट एकच मांडला होता, मधोमध. संकल्पाच्या वेळी गुरुजी म्हणाले, गोत्र आणि नाव सांगा. गोत्र सांगितलं, नाव सांगितलं, आणि मला हुंदका आला. गुरुजी थांबले. घाई केली नाही. मग मी डोळे पुसले, पळीने पाणी सोडलं आणि पुढची सगळी पूजा माझ्या हाताने केली. मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. बदलीची ऑर्डर आता कधीही आणि कुठलीही येऊ दे.

आता तुझी बातमी. आरती झाल्यावर मागे वळले तर तिसऱ्या रांगेत सुधा. हॉलचे दोन जिने चढून आली होती. गुडघ्यांबद्दल चकार शब्द नाही. तिच्या हातात निमंत्रण होतं. तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "शकुन, इथे माझ्या नावापुढे २०२७ लिहिलंय. हे कुणाच्या तरी चुकीने नाही ना आलं?"

मी म्हटलं, नाही, तुझ्या मुलाच्या प्रोग्रॅमने काढलंय. २०२३ला बसली होतीस, म्हणून अजून दोन वर्षं.

ती म्हणाली, "तेव्हा पूजा यांनी केली. मी नुसता यांच्या हाताला हात लावून बसले होते. मला काहीच येत नाही गं. दोन वर्षं पुरतील का?"

मी पुरतील म्हटलं. शुक्रवारी सानिकाच्या पूजेला ती पुढच्या रांगेत होती. काल शरदकाकांच्या वेळीही. आज सकाळी सातला मी हॉल उघडायला गेले, तर जिन्याच्या पायरीवर एक नवी वही आणि पेन घेऊन बसली होती. गुरुजी यायला अजून अर्धा तास होता.

शकुनमावशी